जिनचा प्याला आणि कोयनेलची पुडी

पगार जमा झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी भवानीपुरातील आमच्या बिऱ्हाडापासून दहा मिनिटांच्या वाटेवर असलेल्या एका उपाहारगृहात जेवावयास जाण्याचा आमचा प्रघात आहे. स्थळ नामांकित नव्हे. खाली मिठाईचे दुकान, बाजूने अरुंद लाकडी जिना, वर आठ-दहा टेबले, आणि एका भिंतीशी बाटल्यांची मांडणी करून उभारलेला लहानसा बार. चार-पाच सहकारी जमतात. कासुंदीबरोबर भेटकी माशाचा फिश फ्राय येतो, आणि त्याच्या आगेमागे जिनचे प्याले येतात : कोणाचा टॉनिकयुक्त, कोणाचा गिमलेट, कोणाचा तांबूस छटेचा पिंक जिन. अलीकडे येथील बारवाला गिमलेटमध्ये गंधराज लिंबाची साल पिळतो. तो सुगंध टेबलावर दरवळला म्हणजे फायलींनी भरलेला आठवडा सार्थकी लागल्यासारखे वाटते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

या मंडळीत आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले एक वडीलधारे बंगाली गृहस्थ असतात. त्यांना आम्ही सारे बोडदा म्हणतो. टॉनिकचा पहिला घोट घेण्यापूर्वी प्याला डोळ्यांसमोर धरून ते दर खेपेस एकच वाक्य उच्चारतात, "औषध घेतो आहे. या औषधाच्या बळावर साहेबाने हिंदुस्थान राखला." सारे हसतात. आम्हीही कित्येक महिने हसलो. परंतु गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी ते वाक्य ऐकून आम्हांला हसू आले नाही. त्याच आठवड्यात गावाहून आलेल्या आजोबांनी त्यांच्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगितली होती. कुलाबा जिल्ह्यातील गाव, साल १९३८ च्या सुमाराचे, मुलगी नऊ वर्षांची. भाद्रपदात थंडी वाजून ताप भरला. कोयनेल तालुक्याच्या गावी मिळे. वडील आणावयास चालत गेले, वाटेत ओढ्यांना पूर, ते तिसऱ्या दिवशी परतले. पुडी तशीच फडताळात राहिली. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे त्यांना स्वतःला ताप आला तेव्हा तीच पुडी दिली गेली, आणि तिचा कडवटपणा जिभेवर अजून आहे असे ते म्हणतात.

एकाच द्रव्याच्या या दोन हकीकती. एकीत ते साहेबाच्या प्याल्यात, दुसरीत फडताळातील पुडीत. बोडदांच्या वाक्यात सत्य किती हे पाहिले पाहिजे असे आम्हांस वाटले, आणि कचेरी सुटल्यावर ग्रंथालयात जाऊन जे वाचले त्याचा हा गोषवारा आहे.

जिनचा उगम औषधाच्याच नावाने झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जुनिपर नावाच्या काटेरी झुडपाची निळसर फळे हा जिनचा प्राण. हे झुडूप आपल्या हिमालयातही वाढते. आयुर्वेदात त्याच्या फळास हपुषा म्हणतात, उत्तरेकडील बाजारात ते हाऊबेर या नावाने मिळते, आणि पोटाच्या विकारांवर वैद्य ते देत आले आहेत. युरोपातील वैद्यांची समजूतही फारशी निराळी नव्हती. नेदरलँड्समध्ये धान्याच्या मद्यात ही फळे घालून ‘येनेव्हर’ तयार होऊ लागले. लायडनचे प्राध्यापक सिल्व्हियस यांनी ते शोधून काढले अशी कथा अनेक पुस्तकांत आढळते. परंतु सिल्व्हियस यांचा जन्म १६१४ चा, आणि इंग्रजी नाटकात या मद्याचा उल्लेख १६२३ साली येऊन गेलेला. नऊ वर्षांच्या बालकाने मद्य शोधावे आणि ते समुद्रापार नाटकात पोहोचावे, हे घडणे नाही. मद्यांच्या इतिहासात अशा जन्मकथा पैशाला पासरी मिळतात.

१६८८ साली डच राजपुत्र विल्यम इंग्लंडच्या गादीवर येण्यास निघाला, आणि त्यानंतर फ्रान्सशी युद्ध जुंपले. फ्रेंच ब्रँडीस बंदी झाली. १६९० च्या कायद्याने इंग्रज धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन मिळाले, कारण जमीनदारांच्या कोठारातील धान्यास गिऱ्हाईक हवे होते. सरकारास महसूल मिळाला, जमीनदारास भाव मिळाला, आणि लंडनच्या गोरगरिबास बिअरपेक्षाही स्वस्तात झिंग मिळाली. पुढील साठ वर्षांत लंडनच्या गल्ल्यांत जे घडले त्याचे वर्णन वाचवत नाही. १७३४ साली ज्युडिथ डिफोर नावाच्या स्त्रीने दरिद्रगृहात (वर्कहाऊसमध्ये) ठेवलेली आपली दोन वर्षांची मुलगी थोड्या वेळासाठी म्हणून बाहेर आणली. मुलीस दरिद्रगृहाने नुकतेच नवे कपडे दिले होते. आईने तिचा गळा आवळला, देह बेथनल ग्रीन येथील खंदकात टाकला, आणि ते कपडे विकून आलेल्या पैशांची जिन घेतली. विक्रीची रक्कम खटल्यात नमूद आहे : एक शिलिंग चार पेन्स. बाईस फाशी झाली.

यावर सरकारने काय केले? सरकारी नोकर या नात्याने हा भाग आम्ही विशेष आस्थेने वाचला. १७३६ साली किरकोळ विक्रीच्या परवान्यास वर्षाला पन्नास पौंड आणि गॅलनमागे वीस शिलिंग कर असा जबर कायदा झाला. एवढा पैसा गल्लीतील विक्रेता आणणार कोठून? त्याने परवाना काढलाच नाही. चोरून विकणाऱ्याची खबर देणारास पाच पौंडांचे बक्षीस ठेवले, तेव्हा खबऱ्यांचे पीक आले आणि लोकांनी खबऱ्यांना चोपून काढले. डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या एका कल्पक इसमाने तर घराच्या खिडकीवर मांजराचे चित्र ठोकले. मांजराच्या तोंडात नाणे टाकावे आणि पंजाखालच्या शिशाच्या नळीतून जिन धरून घ्यावी. विकणारा दिसत नाही, मग खबर कोणाची द्यावयाची? १७४३ साली तो कायदा गुंडाळावा लागला. नियम जितका कडक तितकी त्यातून निसटण्याची वाट रुंद, हे आमच्या कचेरीत नव्याने लागणाऱ्या उमेदवारासही सहा महिन्यांत उमगते; ब्रिटिश पार्लमेंटास सात वर्षे लागली.

१७५१ चा कायदा शहाणपणाचा होता. त्याने कर आणि परवाना झेपण्याजोगे ठेवले, परंतु दुकान कोणी चालवावे यावर निर्बंध घातले. त्याच वर्षी हॉगार्थ या चित्रकाराने ‘जिन लेन’ हे चित्र छापून प्रसिद्ध केले. जिन्याच्या पायरीवर बसलेली धुंद आई आणि तिच्या हातून निसटून खाली पडत असलेले मूल हे दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही. पुढे १७५७ मध्ये पीक बुडाल्यामुळे धान्यापासून मद्य गाळण्यास बंदी आली, आणि ती लाट ओसरली. कायद्याने जेवढे साधले नाही तेवढे दुष्काळाने साधले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसास १७५१ हे साल आणखी एका कारणाने ठाऊक असते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी दहा वर्षे बंगाल लुटून त्याच वर्षी अलिवर्दीखानाशी तह केला, वर्षाला बारा लाखांची चौथ मिळविली, आणि बंगाली अंगाईगीतांत ‘बर्गी’ म्हणून कायमचे जाऊन बसले. बोडदा आम्हांला त्यावरून अधूनमधून टोचतात. आम्ही गप्प बसतो.

तात्पर्य, ज्या पेयास आपण आज सभ्य भोजनाचे लेणे मानतो ते एके काळी दारिद्र्याचे लक्षण होते. १८३० साली इनीअस कॉफी या आयरिश माणसाने अखंड चालणाऱ्या उंच भट्टीचे पेटंट घेतले, मद्य स्वच्छ निघू लागले, वास झाकण्यासाठी साखर घालण्याची गरज उरली नाही, आणि ‘लंडन ड्राय’ म्हणतात ती कोरडी जिन अवतरली. ती आता मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात जाण्यास लायक झाली होती. तिला फक्त सोबत हवी होती.

ती सोबत टॉनिकची, आणि येथे कोयनेल येते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारावरील एका झाडाची साल तापावर चालते हे ज्ञान सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांमार्फत युरोपात गेले. चिंचोनच्या सरदारपत्नीचा ताप या सालीने गेला अशी एक कथा पसरली. ती खोटी ठरली आहे. परंतु १७४२ साली लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या कथेवरून झाडास नाव दिले, आणि देताना रोमन लिपीतील एक अक्षर गाळले. चिंचोनचे सिंकोना झाले ते असे. एका अक्षराच्या चुकीपायी आमच्याकडे फाईल परत येते. लिनिअसची चूक जगाने शास्त्र म्हणून स्वीकारली. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोघांनी सालीतून क्विनाईन वेगळे काढले. त्यालाच आपल्या खेड्यांनी कोयनेल म्हटले.

आता इंग्रजांना ही साल हवी होती, आणि ती देणारे देश बियाणे बाहेर जाऊ देण्यास राजी नव्हते. १८६० साली क्लेमेंट्स मार्कम पेरूत गेला, आणि रोपे व बियाणे निलगिरीत उटकमंडला आली. दार्जिलिंगच्या बाजूस मुंगपू येथे लागवड झाली, तिची सूत्रे शिवपूरच्या वनस्पती-उद्यानाकडे होती. सर्वांत कसदार जातीचे बियाणे मात्र चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने मिळविले. मिळविले म्हणजे मॅन्युएल इंक्रा मामानी नावाच्या बोलिव्हियातील आयमारा माणसाने डोंगर धुंडाळून त्याच्यासाठी गोळा केले. १८६५ च्या सुमारास ते लंडनला पोहोचले. ब्रिटिश सरकारने ते घेतले नाही, डचांनी थोडेसे विकत घेतले, आणि त्यातून जावा बेटावर असे मळे उभे राहिले की पुढे जगातील बहुतांश सिंकोना तेथूनच येऊ लागला. मामानीला त्याच्याच देशात तुरुंगात टाकले, मारहाण केली, आणि त्यातच तो गेला. त्या झाडाच्या जातीला नाव लेजरचे आहे.

मग बोडदांच्या प्याल्याचे काय? क्विनाईन घातलेल्या फसफसत्या पाण्याचे पेटंट १८५८ साली लंडनमध्ये इरॅस्मस बाँड याने घेतले; श्वेप्स कंपनीचे ‘इंडियन क्विनाईन टॉनिक’ १८७० च्या सुमारास आले. हिंदुस्थानातील साहेब आपली कडू मात्रा गिळण्यासाठी तीत जिन मिसळू लागला आणि असे हे पेय जन्मास आले, ही लोकप्रिय कथा. जिन आणि टॉनिक या जोडीचा जो सर्वांत जुना छापील उल्लेख संशोधकांना सापडला आहे तो १८६८ सालच्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मधील आहे. तो कोठल्या रुग्णालयातील नव्हे, कोठल्या छावणीतील वैद्याचा नव्हे. तो सियालकोटच्या घोड्यांच्या शर्यतीचा आहे. शर्यत संपली, आणि मंडळींनी जिन-टॉनिक, ब्रँडी-सोडा आणि चिरूट यांसाठी आरडाओरडा सुरू केला, एवढाच त्याचा आशय. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि काही वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. साहेबाने ते पेय घेतले ते तहान आणि मौज यांसाठी, आणि त्याचे त्यास काही वाटत नव्हते. औषधाची सबब मागाहून आली.

हिशेबही तेच सांगतो. आज अमेरिकेत टॉनिकच्या एका लिटरात ८३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्विनाईन घालता येत नाही. हिवतापाच्या रोग्यास दिवसाकाठी अठराशे-दोन हजार मिलिग्रॅम द्यावे लागते. म्हणजे वीस लिटरांहून अधिक टॉनिक रोज, आणि तितक्या प्रमाणात जिन! रोगाआधी रोगीच जाईल. जुन्या टॉनिकमध्ये मात्रा काही अधिक असेल. तरीही फौजेतील शिपायास ज्या क्विनाईनचा आधार होता ते भुकटीच्या किंवा काढ्याच्या रूपाने, मोजून, वैद्याच्या देखरेखीखाली दिले जाई. क्लबातील प्याल्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

ज्यांना ते खरोखर हवे होते त्यांची गोष्ट क्लबात घडत नव्हती, टपालकचेरीच्या खिडकीशी घडत होती. १८९२ पासून बंगालमध्ये टपालकचेऱ्यांतून एका पैशाला कोयनेलची पुडी मिळू लागली. गावच्या पोस्टमास्तराने तिकिटांबरोबर पुड्या विकाव्यात ही योजना साधी होती आणि चांगली होती. मनीऑर्डर, पोस्टकार्डे आणि कोयनेल एकाच पेटीत ठेवणाऱ्या त्या अनाम पोस्टबाबूंविषयी आम्हांस आदर वाटतो. शेवटी तेही आमच्याच जातकुळीचे, सरकारी कारकून. तथापि खिडकीपर्यंत पोहोचण्यासाठी ज्याला दोन ओढे ओलांडावे लागत त्याच्यासाठी एक पैसा ही पुडीची खरी किंमत नव्हती. आणि कोयनेल आणावे किती? १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. हुसेनखान नावाच्या रोग्याने त्यासाठी स्वतःस डास चावू दिले, दर डासामागे एक आणा घेऊन. पुढील वर्षी याच कोलकात्यात रॉस यांनी पक्ष्यांवर प्रयोग करून हे वर्तुळ पूर्ण केले. शत्रू कोण हे कळले, तरी दलदल आणि दारिद्र्य तशीच राहिली. १९४२ च्या मार्चमध्ये जावा जपान्यांच्या हाती पडली, तेथील कोयनेल बंद झाले, आणि पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ आला. त्या दुष्काळात जी लाखो माणसे मेली त्यांतील फार मोठा भाग भुकेने खंगलेल्या शरीरात शिरलेल्या हिवतापाने मेला. १९४७ साली देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप येई आणि आठ लाख दगावत, असा सरकारी अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली तेव्हा कोठे हा आकडा झपाट्याने उतरू लागला.

मुंगपूचा उल्लेख वर आला. कोलकात्याच्या वाचकास ते नाव सिंकोनापेक्षा रवींद्रनाथांमुळे अधिक परिचित असते. १९३८ ते १९४० या काळात ते तेथे मैत्रेयीदेवींच्या घरी अनेकदा राहिले. मैत्रेयीदेवींचे पती तेथील सिंकोना खात्यात शास्त्रज्ञ होते. कवी ज्या डोंगरावर बसून लिहीत होते त्याच डोंगरावर ती साल वाळत होती, आणि त्याच सुमारास कुलाबा जिल्ह्यातील एक बाप पुडीसाठी पावसात चालत होता. यातून काही सिद्ध होत नाही. आमच्या मनात मात्र ही दोन चित्रे शेजारीशेजारी लागली आहेत खरी.

गिमलेटची कथा आटोपशीर सांगतो. दर्यावर्दी लोकांना स्कर्व्ही हा रोग होई. जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने १७४७ साली संत्री आणि मोठी लिंबे देऊन तो बरा करून दाखविला. १८६७ च्या कायद्याने व्यापारी जहाजांवरही लिंबाचा रस सक्तीचा झाला, आणि त्याच वर्षी लीथ बंदरातील लॉकलन रोझ याने साखर घालून, मद्याशिवाय रस टिकविण्याचे पेटंट घेतले. तोवर रस टिकविण्यासाठी रम घालीत. रोझने मोठ्या युक्तीने मद्य काढले, आणि गलबतावरील अधिकाऱ्यांनी तितक्याच तत्परतेने त्यात जिन ओतली! १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील हॅरी क्रॅडॉकच्या पुस्तकात गिमलेटची कृती निम्मी जिन व निम्मा रोझचा रस अशी आहे. येथेही औषधाचा दावा लंगडाच. नौदलाने भूमध्य समुद्राकडील मोठी लिंबे सोडून वेस्ट इंडीजची हिरवी लहान लिंबे घेतली. त्यांत गुण फार कमी, आणि साठवणीत उरले तेही नाहीसे होत. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्सच्या मोहिमेत हा रस बरोबर असूनही स्कर्व्हीने माणसे आडवी झाली. पिंक जिनमधील अंगोस्तुरा अर्क १८२४ साली बोलिव्हारच्या फौजेतील जर्मन वैद्य सीगर्ट याने पोटदुखीवर तयार केला. त्याने पोट किती जणांचे थांबले कोण जाणे, प्याला मात्र सुगंधी झाला. मार्टिनीविषयी आम्ही लिहीत नाही. तिने कधी कोणत्याही रोगाचा आधार घेतला नाही.

औषधाची ही सबब आपल्याकडे तर कायद्यातच जाऊन बसली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मद्य पिण्याचा जो परवाना मिळे त्यावर कारण छापलेले असे : आरोग्य राखण्यासाठी. आमच्या एका मामांनी असा परवाना काढला होता. ते अत्यंत निरोगी गृहस्थ होते.

पुढच्या शनिवारी हे सारे आम्ही बोडदांना सांगितले. सियालकोटच्या शर्यतीवर ते खळखळून हसले. आजोबांच्या बहिणीची गोष्ट ऐकली तेव्हा त्यांनी प्याला खाली ठेवला आणि म्हणाले, त्रेचाळीस साली त्यांच्या आईचे दोन भाऊ मेदिनीपुरात तापाने गेले. घरात हे कोणी बोलत नसे. मग बराच वेळ फिश फ्राय तसाच निवत राहिला. बारवाल्याने येऊन विचारले, पुन्हा तेच आणू का? बोडदा म्हणाले, "आण. आणि गंधराज असेल तर थोडी साल घाल, चवीला."